छबूबाईनं घेतलेली मानता

सारंगखेड्याच्या बाजूला, तापीकाठच्या त्या गावात छबूबाईच्या तेलखाऊपणाची भारी कीर्ती होती. खिचडीवर घाण्याचं कच्चं शेंगतेल धारेनं सोडावं, बोटं चाटावीत आणि पुन्हा बरणीकडे हात न्यावा! कुणी हसलं की म्हणायची, "गाडाना चाकले तेल लागस, मन्हा हाडकेस्ले नको का?"

आणि बघा, हिच्याच घरात सून दगू कोरडं खायची. तिची बाळंतपणं लागोपाठ वाया गेली, तेव्हा तिनं देवीला मानता केली. घरात पाळणा हलेपर्यंत तेल-तूप तोंडात घालणार नाही, माझ्या वाटचं तेल तुझ्या दिव्याला. मराठी मुलखाचं नवीन राज्य झालं त्या सालापर्यंत दिवा छान तेवत होता, दगू मात्र वाळून काडी झाली होती. केस मूठमूठ गळायचे. पाळीसुद्धा थांबली. मग पाळणा हलायचा कुठून? छबूबाईचा जीव तुटायचा. पण मानता मोड म्हणायची छाती होईना. उद्या काही वाईट झालं तर दोष कुणाच्या माथी?

चैत्रातल्या एका दुपारी निंबाखाली तिचा डोळा लागला. स्वप्नात तापी वाहत होती, पण तिच्यात पाणी नव्हतं. नुसतं पिवळं, संथ, शेंगांच्या वासाचं तेल. ऊनसुद्धा त्यात विरघळत चाललेलं. पलीकडच्या काठावर दगू कोरडी भाकर घेऊन बसलेली. छबूबाई ओंजळ भरून तिच्याकडे निघाली, चालतच राहिली. तेल बोटांमधून गळत गेलं आणि काठ काही येईना. जागी झाली तेव्हा तिचे डोळे ओले होते. देवी-बिवी कुणीही आली नव्हती.

तरी संध्याकाळी ताटं वाढताना बाई बेधडक बोलली, "मन्हा सपनमा देवी उनी. बोलनी, छबू, सूननी मानता आते तू ले."

दगूच्या खिचडीवर तिनं भरपूर तेल ओतलं. स्वतःच्या ताटाला बरणी दाखवलीसुद्धा नाही. दगूनं भीत भीत घास घेतला. तेल जिभेवर पसरलं तशी ती रडायलाच लागली.

"आत्या, देवी कशी दिखनी?"

छबूबाईच्या घशात कोरडा घास अडकला होता. ती घोटभर पाणी प्यायली.

"तुन्हासारखीच दिखनी व माय," ती म्हणाली. "पन पोटभर जेवेल व्हती."