काकाची कातडी

माझ्या अंगावर गोरा म्हणता येईल असा एकच भाग होता, आणि तो चारचौघांत दाखवायची सोय नव्हती. मांडी. बाकीचा मी जीपच्या टपासारखा उन्हात तापून काळाठिक्कर पडलेला. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. नारायणगाव ते जुन्नर मी जीपमधून शिटा भरायचो. दिवसभर अनोळखी माणसांना मांडीला मांडी लावून बसवायचं हा माझा धंदा, आणि संध्याकाळी सगळी आपापल्या फाट्यावर उतरून गेली की रिकामी गाडी घेऊन घरी यायचं.

घरात थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची पोरगी. माझं लग्न जमत नव्हतं. पोरगी बघायला गेलो की तिचा बाप आधी जीप बघायचा, टायर अंगठ्यानं दाबायचा, हप्ते किती राहिलेत ते विचारायचा आणि म्हणायचा, "कळवतो." तेव्हा मी तिशी ओलांडत होतो. आता पन्नाशी ओलांडली, अजून कुणी कळवलेलं नाही.

त्यामुळं पुतणी हीच माझी काय ती मैत्रीण. रविवारी ती पुढच्या सीटवर बसायची आणि स्टँडावर गाडी लागली की माझ्याआधी "जुन्नर, जुन्नर, जुन्नर" ओरडायची. तिच्या आवाजावर शिटा लवकर भरायच्या, हे मी कबूल करतो.

गावच्या यात्रेच्या दिवशी आमच्याकडं पाहुण्यांसाठी मासवड्यांचा बेत होता. अंगणात तीन दगडांवर रस्स्याचं मोठं पातेलं रटरटत होतं. वड्या कशा कापतात ते बघायला पोरगी तिथं उकिडवी बसली होती. एक दगड सरकला. पातेलं तिच्याच अंगावर कलंडलं. उजवा हात, कूस आणि निम्मी पाठ.

पुढं जे झालं ते आमच्याकडं नेहमी होतं ते. कुणी टूथपेस्ट लावली, कुणी हळद आणि एका आत्यानं दौतीतली शाई ओतली. मी जीप काढेपर्यंत पोर तीन रंगांची झाली होती. पुण्याच्या हॉस्पिटलात गेल्यावर सिस्टरचा पहिला वेळ आमचे उपचार धुऊन काढण्यातच गेला.

जळीत वॉर्डाच्या डॉक्टर बाई होत्या, पन्नाशीच्या, बोलताना पेन झाडणाऱ्या. काही दिवस ड्रेसिंग करून झाल्यावर त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "रस्स्यात तेल होतं. तेल चिकटून राहतं, म्हणून जखम खोल गेलीय. आपोआप भरायची नाही. कातडी लावावी लागेल."

"कुणाची?" दादानं विचारलं.

"तिचीच. मांडीवरून पातळ काढायची आणि जखमेवर पसरायची. स्वतःची कातडी कायमची धरते. अडचण एवढीच, की तिच्या मांड्या केवढ्याशा आणि जखम केवढी!"

मग त्यांनी एका कागदामागं चित्रं काढली. पातळ कातडी सलग लावली तर दिसायला चांगली, पण पुरत नाही. तीच यंत्रातून काढून जाळीसारखी ताणली तर कितीतरी जास्त जागा झाकते. पण जाळीची भोकं भरायला वेळ लागतो आणि नक्षी उमटून राहते. जाड, पूर्ण कातडी काढली तर ती नंतर आकसत नाही, म्हणून कोपराच्या घडीत तीच चांगली. पण ती काढली तिथं टाके घालावे लागतात, त्यामुळं चिमूटभरच घेता येते. "ती आपण मागाहून बघू," बाई म्हणाल्या. "पाठीला मी पट्ट्या लावणार. एक पट्टी तिची, एक घरातल्या कुणाची, परत एक तिची."

मला हे चटकन कळलं. रेक्झिन कमी पडलं की आमचा कुशनवाला जीपच्या सीटला दोन रंगांच्या पट्ट्या जोडून देतो, तसंच.

"पण दुसऱ्याची पट्टी दोन-तीन आठवडेच राहते," बाई म्हणाल्या. "मग तिचं शरीर ओळखतं, की हे आपलं नाही, आणि टाकून देतं. तोवर आतलं पाणी जात नाही, जंतू शिरत नाहीत आणि तिची कातडी दोन्ही बाजूंनी पसरत येते."

हे सगळं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती, हे आधीच लिहून ठेवतो. पण मिस्त्रीही मला दरवर्षी सांगायचा, इंजिन चार महिने काढील, जास्त नाही. इंजिन चालतच होतं. जाणकार माणसं हातचं राखून सांगतात अशी माझी समजूत होती.

दादाला साखर. वहिनीला सहावा महिना. उरलो मी. बाहेरच्या बाकड्यावर बैठक भरली. वहिनीची आई घोडेगावहून आली होती, तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"उपकार हायेत पावण्यांचे, मी न्हाई म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पर पोरीची जात हाय. उद्या उजवायची म्हनल्यावर रंग बगत्यात लोकं. ह्यांची कातडी म्हंजी निव्वळ तवा."

"आई, गप गं!" वहिनी.

"पाठ झाकती का त्या पोलक्यात? सांग की."

"माझी मांडी गोरी हाय," मी म्हणालो.

 कुणी खोटं म्हणालं नाही आणि खात्री करून घ्यायलाही कुणी पुढं आलं नाही.

तरी मनाला लागलंच. खाली मेडिकलमध्ये जाऊन मी गोरं व्हायची क्रीम घेतली. दुकानदारानं माझ्या तोंडाकडं बघून मोठी ट्यूब दिली. दोन दिवस संडासात जाऊन मांडीला चोळत होतो. ऑपरेशनच्या टेबलावर बाईंनी कापसानं मांडी पुसली आणि कापूस नाकाशी धरला.

"हे काय लावलंय?"

"क्रीम."

"कसलं?"

"गोरं व्हायचं."

त्या इतक्या हसल्या की तोंडावरचं फडकं हललं. "अहो, ती पडणारच आहे काही दिवसांनी!"

"आणि माझे केस उगवतील का तिच्या पाठीवर?" ही माझी दुसरी काळजी.

"नाही हो. केसाचं मूळ खोल असतं. आम्ही वरचा पापुद्रा घेतो." मग मला भूल चढली.

जागा झालो तेव्हा मांडी पेटली होती. लोकांना वाटतं, जखम झाली त्यालाच जास्त दुखतं. पण पापुद्रा काढलेल्या जागेवर हवाही सहन होत नाही. शिवाय मला ठेवलं होतं तळमजल्यावर, पुरुषांच्या वॉर्डात, आणि आमची सगळी माणसं वरच्या मजल्यावर पोरीपाशी. ते बरोबरच होतं. दादा दिवसातून एकदा दारातून डोकावायचा, "बरं हाय ना?" म्हणायचा आणि मी "हा" म्हणेपर्यंत जिन्यात असायचा.

भेटीच्या वेळी वॉर्ड भरून जायचा. प्रत्येक खाटेभोवती माणसं, डबे, केळी. माझ्या खाटेच्या कडेला दुसऱ्यांचे लोक पाठ करून बसायचे, कारण जागा रिकामी होती. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचो. माणूस झोपलेला असला की त्याला भेटायला कुणी आलं नाही, हे तेवढं उठून दिसत नाही.

शेजारच्या खाटेवर मढ गावाकडचे एक आजोबा होते, पाय मोडलेले. त्यांच्या म्हातारीनं मात्र माझं सोंग ओळखलं.

"पावणं, तुमचं कोन नाय का?"

"हाय की. समदी वरच्या मजल्यावर हायेत."

"मंग तुमाला काय झालंय?"

"मला कायबी झालं न्हाई."

"आता गं बया! मंग झोपलाय कशाला हितं?"

"कातडी दिली."

म्हातारीनं भाकरी मोडता मोडता हात थांबवला. "कातडी? कोनाला?"

"पोरीला," मी म्हणालो. पुतणीला म्हणायचं राहून गेलं. एकदा राहिलं ते मग मी दुरुस्तही केलं नाही. म्हातारीनं निम्मी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला आणि आजोबांना म्हणाली, "बगा, बाप कसा असतो." आजोबांना ऐकू कमी येत होतं, म्हणून तिनं ते तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा ऐकून घेतलं.

पोरीचं पहिलं ड्रेसिंग उघडलं त्या दिवशी मी भिंत धरत वर गेलो. दाराच्या काचेतून पाठ दिसली. गुलाबी पट्टी, मग जरा सावळी, परत गुलाबी, परत सावळी. क्रीमचा काही उपयोग झाला नव्हता. बाईंनी वळून माझ्याकडं बघितलं आणि काचेतूनच मान हलवली. बाहेर येऊन म्हणाल्या, "धरलंय. सगळ्याच पट्ट्यांनी."

सगळ्याच, म्हणजे माझ्यासुद्धा. माझं काहीतरी कुणालातरी धरून बसलं होतं. मी जिन्यातच खाली बसलो. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, मांडी दुखतेय.

नारायणगावला परत आलो तर स्टँडावरचे ड्रायव्हर तयारच होते.

"काय राव, लंगडतोय का? बिबट्यानं धरलं का काय?"

"आरं, कातडी दिली त्यानं पोरीला. आता लग्नात कन्यादानाला निम्मा वाटा ह्याचा."

"पाठीमागचा!"

सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री पडल्या पडल्या मी त्या वाक्याला कुरवाळत बसायचो. ती मोठी होणार, शिकणार, कुठल्यातरी लांबच्या गावी नांदायला जाणार आणि मी चार सावळ्या पट्ट्यांनी तिच्याबरोबर जाणार. मला घरी कुणी विचारो न विचारो. बाईंनी दोन-तीन आठवडे सांगितले होते. पण माझ्या कातडीला जायला दुसरं कुठलं घर होतं? ती तिथं रमणार, याची मला खात्री होती.

तिसऱ्या आठवड्यात डबा घेऊन पुण्याला गेलो तेव्हा वॉर्डातून पोरीचं रडणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. वहिनी दारातच भेटली.

"भाऊजी, तुमीच या आत. कुनाचंच ऐकंना. सिस्टरला हात लावू देत न्हाई."

पोरगी पालथी पडली होती. पाठीवरच्या माझ्या पट्ट्या काळपट पडल्या होत्या, कडा वाळल्या पानासारख्या उचलल्या होत्या. सिस्टर चिमटा घेऊन उभी. पोरगी चांगला हात मागं नेऊन पाठ झाकायला बघत होती.

"काढू नका! काकाची हाय ती! काकाला लई दुखलं व्हतं!"

मला वाटलं, हिला बोलू द्यावं. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात माझ्या बाजूनं बोलणारं ते एकच माणूस होतं. मी बाईंकडं बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "आता ठेवली तर खाली पू धरेल. तिचं काम झालंय हो. कडेला बघा." काळपट कडेखाली नवी कातडी आली होती, ओल्या कागदासारखी नाजूक, गुलाबी. तिची तिची.

मी खाटेपाशी उकिडवा बसलो. मांडी अजून ओढत होती.

"अगं, काढू दे त्यांना. मला परत पायजे ती."

रडणं थांबलं. "कशाला?"

"मांडीला गार लागतंय. गाडी चालवताना वारा लागतो ना."

तिनं विचार केला. "मंग समदी ने. हितं नको ठिवू."

"समदी नेतो."

"परत लावणार?"

"घरी गेल्यावर."

मग तिनं हात बाजूला घेतला. सिस्टर एकेक पापुद्रा सोडवत गेली. पोरगी कण्हत होती, पण नजर माझ्यावर. सिस्टर समजूतदार होती. तिनं शेवटी थोडं गॉजमध्ये गुंडाळलं आणि खरोखरच माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते शर्टाच्या खिशात घालीपर्यंत पोरीनं नजर हलवली नाही.

बाहेर वहिनी एकाच वेळी रडत आणि हसत होती. "तिचीच आली वो भाऊजी, समदीकडं तिचीच आली!" दादा पेढे आणायला धावला होता. मी म्हणालो, "हा ना," आणि गाडीला उशीर होतोय म्हणून निघालो. तसा काही उशीर होत नव्हता.

खिशातली पुडी काही जड नव्हती. पण तिचं काय करायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. कचऱ्यात टाकवेना. घरी नेऊन ठेवणार तरी कुठं, आणि कुणाला काय सांगणार? मंचरला सवयीनं शिटा भरल्या, नारायणगावची माणसं, बाजारातून परत निघालेली. कळंबचा पूल आला आणि मी गाडी कडेला घेतली. खाली घोड नदी, पाणी बेताचं. उतरलो, कठड्यापाशी गेलो आणि पुडी सोडली. ती वाऱ्यानं जरा बाजूला गेली आणि मग पाण्यात पडली. हात मोकळे झाले, त्यांचं काय करावं कळेना, म्हणून मी ते जोडले.

वळून बघतो तर जीपमधल्या सगळ्यांनी हात जोडलेले. एका बाप्यानं खिडकीतून नाणंही भिरकावलं. मी परत येऊन बसलो, तेव्हा मागच्या सीटवरच्या एका बाईनं विचारलं,

"नवस व्हता का, भाऊ?"

"व्हता."

"पावला का मंग?"

सगळी जीप माझ्या उत्तरासाठी थांबली होती. वॉर्डात ती आता पेढा खात असेल.

"पावला," मी म्हणालो आणि गिअर टाकला.