उन्हाळी जॅकेट

मे महिन्यातल्या एका दुपारी अकोल्यातल्या हेल्मेटच्या दुकानात एका बाईंनी कूलर बंद करायला लावला. मी हेल्मेटची काच बदलायला गेलो होतो. त्यांचा नवरा मोटरसायकलवर घालायचं उन्हाळी जॅकेट अंगात चढवत होता. खांदे, कोपर आणि पाठीला पॅड, बाकी सगळी जाळी. बाही चढवताना त्याच्या कोपरावरची टाक्यांची खूण दिसली. कूलरसमोर उभा राहून तो म्हणाला, "मस्त आहे. घेऊन टाकू."

"भाऊ, कूलर बंद करा. रस्त्यावर कूलर नसते," बाई दुकानदाराला म्हणाल्या.

"गाडी पळाली की वारं आरपार जाते, ताई."

"अन् फाटकावर थांबली की? मागचं जॅकेटही यांना असंच आवडलं होतं. पडले तेव्हा ते घरी खुंटीला होतं."

"आता शिजव मला सगळ्यांसमोर," नवरा हसून म्हणाला.

कूलर थांबला. संरक्षणाच्या वस्तू आपण सावलीत निवडतो. कापड चाचपतो, आरशात खांदे बघतो. त्या काढून ठेवायचं मात्र उन्हात ठरतं, आणि तेव्हा जवळ कोणी नसतं. नवऱ्याच्या कानामागून घाम उतरू लागला. त्याचा हात चेनकडे गेला आणि खाली आला. बाई बघत राहिल्या.

त्यांनी तेच जॅकेट घेतलं. तो ते घालूनच गाडीवर बसला, बाई मागे बसल्या. पुढच्या चौकात माझी गाडी त्यांच्या शेजारीच थांबली; सिग्नल लाल होता. तो हिरवा होईपर्यंत जॅकेट अंगात होतं आणि चेन गळ्यापर्यंत लावलेली होती.