बोल्टला लावलेलं खोबरेल

मेहुण्याच्या रायफलला खोबरेल तेल मी लावलं. त्याने नाही, दुकानदाराने नाही. मी.

रायफल खेळातली. मेहुणा ब्रिस्टलजवळच्या एका रानात एअरसॉफ्ट खेळतो. म्हणजे पन्नाशीकडे झुकलेली माणसं झाडांमागे लपून एकमेकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडतात आणि मधल्या सुट्टीत चहा पितात. त्याची रायफल मात्र चालते खऱ्यासारखी. मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, गॅस भरायचा. ट्रिगर ओढला की गॅसच्या जोराने गोळी सुटते, आतला सरकता बोल्ट मागे जातो आणि स्प्रिंगमुळे पुढे येताना पुढची गोळी आत ढकलतो.

त्या रविवारी मेहुणा पहिल्यांदाच टीमचा कॅप्टन होणार होता. आदल्या दिवशी त्याने रायफल पहिल्यांदाच स्वतः उघडून साफ केली, आणि मला कौतुकाने बघायला बोलावलं. तो फोन घ्यायला बाहेर गेला. मला बोल्ट कोरडा वाटला. आमच्या घरी शिलाई मशीनपासून दाराच्या कडीपर्यंत सगळ्याला एकच तेल, आणि ते त्याच्या बाथरूममधल्या गरम रेडिएटरवर ठेवलेलं होतं. रेडिएटरवर का, हा विचार मी केला नाही. थोडं सोडलं. बोल्ट असा लोण्यासारखा सरकला की मी स्वतःवरच खूश झालो.

रविवारी रानात गवत पांढरं झालं होतं. पहिली गोळी सुटली आणि बोल्ट अर्ध्यावर येऊन थांबला.

"थंडीत गॅसचा जोर कमी होतो, दाजी. मॅगझिन जरा काखेत धरा."

मी धरलं. पंख मिटलेल्या कोंबडीसारखा उभा राहिलो. ऊब आलेलं मॅगझिन लावलं, बोल्ट पुन्हा अर्ध्यावर. थंडीसाठीचा जास्त जोराचा गॅस भरला, तेच. मग गोळ्या काढून आम्ही गाडीत हीटर लावून बसलो, तर रायफल शहाण्यासारखी खटाखट चालली. बाहेर आणली की पुन्हा रुसली. दोनदा आत, दोनदा बाहेर.

टीममधला नागपूरकर मजेत बघत होता. "काय बे कॅप्टन, सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे अर्धं काम आपण करायचं का?"

तेवढ्यात मला बोल्टच्या कडेला पांढरं काहीतरी दिसलं. बोटाने घासलं, तर विरघळलं. बोट नाकाशी नेलं आणि थेट शाळेतली तेल चोपडलेली डोकी आठवली. खोबरेल गोठलं होतं. मला इतकं हसू फुटलं की ते लपवायला मी खोकत राहिलो. मेहुण्याने मला पाणी आणून दिलं.

आणि तरीही मी म्हणालो, "गॅसच हलका असेल रे."

मेहुण्याच्या घरचा मी जावई. गेली कित्येक वर्षं मला पहिलं ताट मिळतं, पंख्याखालची खुर्ची मिळते, आणि मी काही फोडलं तर मांजरावर जातं. त्याची मला सवय झाली होती.

मेहुणा रायफलकडे बघत राहिला. "नाही दाजी, गॅस ठीक आहे. मीच जोडताना काहीतरी चुकीचं बसवलं. उगाच उघडली." मग त्याने दंडावरचा कॅप्टनचा पिवळा बँड सोडवायला घेतला. "हा तूच घे," तो नागपूरकराला म्हणाला. "ज्याला स्वतःची रायफल सांभाळता येत नाही, तो टीम काय सांभाळणार."

माझं हसू पोटातच विरलं.

"थांब," मी म्हणालो. "आधी बोल्टचा वास घे."

त्याने घेतला. कपाळावर आठी आली. मग नागपूरकराने नाक खुपसलं. "अबे, हिची तर चंपी झाली आहे. आता वेणी घाला."

आजूबाजूचे इंग्रज, काही न कळता, आमच्याकडे बघून हसू लागले. मेहुणा हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

या देशात मी दिवसभर सॉरी म्हणतो. माझ्याच पायावर पाय देणाऱ्यालाही म्हणतो. ते इथे पुरलं नसतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तेल मी लावलं. आणि कळल्यावरही तुला दोष घेऊ दिला, ते जास्त चुकलं. बँड बांध."