भाव येईपर्यंत

हिवाळ्यात पहाटे वारा फिरला की कारखान्याच्या मळीचा वास बारामतीत येतो. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका नाकाला पदर लावतात आणि खटाखट खिडक्या लावून घेतात. मी उघडायचे. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या शर्टाला हाच वास होता. कितीही धुतला तरी कॉलरीत उरायचाच. तो शर्ट आणि तो माणूस तेव्हा नायजेरियात होते, आणि मी मुलीला घेऊन इथे भाड्याच्या दोन खोल्यांत.

मी इंदापूरकडच्या कळंबची. वडील दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. एसटीनं बारामतीला जाऊन-येऊन बी.कॉम. केलं, आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगते. नवरा शेळगावचा, साखर कारखान्यात केमिस्ट. आपल्याकडची साखरेची माणसं आफ्रिकेतल्या कारखान्यांत जातात हे आमच्या भागात नवीन नाही. एक गेला की तो दुसऱ्याला बोलावतो. तसे आम्हीही गेलो.

तिथे कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहायचो. व्हरांड्यासमोर लांबवर ऊस. ऊस आपल्यासारखाच, पण त्याच्या कडेनं चालत येणारं कुणी ओळखीचं नाही. संध्याकाळी आम्ही दोघं तिथे बसायचो आणि बोलणं फिरून फिरून बारामतीवर यायचं. एक प्लॉट घ्यायचा, त्यावर आपलं घर. कुठल्या दिशेला दार असावं यावरून आमची भांडणंसुद्धा झाली होती, आणि प्लॉटचा अजून पत्ता नव्हता. गावाकडून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "तितला पैसा आपल्यात किती व्हतो?" मी गुणाकार करून सांगायचे. आवाजात थोडा तोरा असायचा, नाही असं नाही.

मग नायरा, म्हणजे तिथलं चलन, पडायला लागला. पगाराच्या चिठ्ठीवरचा आकडा तोच, पण त्याचे रुपये दर महिन्याला कमी. शहरातल्या इंडियन दुकानात तूरडाळ आणि आटा बाहेरून यायचा, तो महाग झाला. मुलीच्या शाळेची फी डॉलरच्या हिशेबानं वाढली. विदेशी विनिमयावर मी परीक्षेत चांगलं चार पानी उत्तर लिहिलं होतं. आता तेच माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलं होतं.

मी नवऱ्याला म्हणाले, "बँकेत आहेत तेवढे नायरे आत्ताच बदलून घराकडे पाठवा."

त्यांनी आबांना फोन लावला. आबा म्हणजे माझे सासरे. शेळगावात कांदा करतात. उन्हाळ्यात कांदा काढायचा, चाळीत भरायचा आणि भाव येईपर्यंत हलवायचा नाही, ही त्या घराची रीत. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "भाव पडल्यावर कोण इकतं व्हय? ऱ्हाऊ दे तसंच. चढंल की."

"आबा, कांदा पडून राहिला तर निदान मोड तरी येतात," मी फोनवरच बोलले. "नोटेला काय येणार?"

"पोरी, तुझं कालेज झालंय. माझं बाजार झाल्यात."

नवरा हसला. त्याचाही जीव त्याच रीतीत वाढलेला. पडत्या भावात माल मोडणं म्हणजे त्या घरात नामुष्की. आणि खरं सांगायचं तर प्लॉट मलाही हवा होता. आत्ता बदलले तर प्लॉट हातचा जाणार हे दिसत होतं. म्हणून मीही गप्प बसले, आणि आम्ही परदेशात बसून कांद्यासारखी नायऱ्याची वाट बघू लागलो.

कॉलनीतली मराठी घरं एकेक करून रिकामी झाली. आधी बायका-मुलं जायची, पुरुष मेसमध्ये जेवायचे. एकट्या माणसाला खर्च कमी. शेवटी आमच्यावरही ती पाळी आली. मुलीची इथली शाळा जूनला सुरू होणार होती. निघताना नवरा म्हणाला, "एक सीझन काढतो, मग येतोच."

ऊसगाळपाचा सीझन संपला. होळी गेली. फोनवर म्हणाले, "आता थोडंच थांबू. रेट जरा हलतोय."

"कुठं हलतोय? मी रोज बघते."

"हलंल."

ते जेवायला बसले की आम्ही व्हिडिओ कॉल करायचो. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला, त्यामुळे मला अर्धं ताट आणि त्यांची हनुवटी दिसायची. बोलायला रोज कुठलं नवीन असणार? कधीकधी म्हणायचे, "तू नको बोलू काही. काम चालू दे. फोन फक्त ओट्यावर ठेव." मी भांडी घासायचे, मुलगी मोठ्यानं पाढे म्हणायची, खाली भंगारवाला ओरडत जायचा. ते तिकडे ऐकत जेवायचे. एकदा कुकरची शिट्टी झाली तर म्हणाले, "डाळ हाय का?" मी हो म्हटलं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मोबाईल जवळ ओढला.

मी एका ट्रॅक्टर शोरूममध्ये अकाउंटचं काम धरलं. दिवस जायचा. संध्याकाळी मात्र तिथला व्हरांडा आठवायचा, आणि मला हसू यायचं. तिथे असताना बारामतीसाठी जीव तुटायचा. आता बारामतीत बसून त्या परक्या व्हरांड्यासाठी. मग कळलं की ओढ ना याची होती ना त्याची. बाजूच्या खुर्चीची होती.

भादव्यात आबा इंदापूरचं काम आटपून आमच्याकडे आले. पाणी प्यायले, नातीच्या वह्या बघितल्या. मी विचारलं, "कांद्याला काय भाव लागलाय, आबा?"

"औंदा चाळ भरलीच न्हाय. काढला तसा वावरातनंच दिला."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पडत्या भावात?"

"व्हय." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "वाट बघायचा कटाळा आला. गावातल्या एका कारखान्यातल्या माणसानं निरोप दिलाय, हितल्या साखर कारखान्यात एक केमिस्ट पायजे हाय. दसऱ्याला हंगामाचा बॉयलर पेटवायच्या आत हजर व्हायला पायजे. नंतर वरीसभर कोण ईचारनार न्हाय. पोराला तू सांग."

"तुम्हीच सांगा की."

"माझंच ऐकून तर बसलाय त्यो तितं," आबा म्हणाले. "आता कुठल्या तोंडानं सांगू?"

त्या संध्याकाळी फोन लागल्यावर मी काही गोड बोलले नाही. "अहो, आहेत ते नायरे मोडा. जे काय रुपये होतील ते घेऊन या."

"काय व्हत्यात माहीत हाय का? प्लॉटचं कुंपणसुद्धा न्हाय व्हायचं त्यात."

"कुंपण नको. आबांनीसुद्धा औंदा कांदा चाळीत घातला नाही."

पलीकडून हळूच, "आबांनी?"

"हो."

"तितला पगार कमी असंल. लोक म्हणतील, बाहेर जाऊन काय मिळवलं यानं."

"म्हणू द्या. मी कमावतेय. तुम्ही या."

त्यांनी नोटीस दिली. पण तिथल्या कारखान्यानं नोटिशीचे दिवस पुरे केल्याशिवाय सोडलं नाही. इकडे दसरा आला, बॉयलर पेटला, आणि ती जागा दुसऱ्याला गेली. मी ते लपवलं नाही, त्याच दिवशी फोनवर सांगितलं. सांगताना मनात एकच भीती. आता ते म्हणतील, मग अजून एक सीझन काढतो. पण ते म्हणाले, "तिकीट काढलंय. पुण्याला उतरलो की एसटी धरतो. बारामती स्टँडवर कुणी येऊ नका, मी येतो."

ते आले. हातात नोकरी नाही, प्लॉट नाही, एक बॅग आणि नायरे मोडून आलेले थोडे रुपये. दुसऱ्या दिवशी मी शोरूममधून सुटले तर गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे उभे, मुलीचा हात धरून. आमच्या बिल्डिंगमधल्या काकू तिथेच भाजी घेत होत्या. त्यांनी विचारलं, "सुट्टीवर आलात का? परत कधी जाणार?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं.

"न्हाय जायाचं," ते म्हणाले. "हितं काय मिळंल ते बघतो आता." आणि माझ्या हातातली डब्याची पिशवी घेऊन ते चालायला लागले.