तिसऱ्या अंकापुरता भाऊ

सरकारनं हट्टीपणाची परीक्षा घेतली असती, तर अख्ख्या परभणी जिल्ह्यात माझ्या थोरल्या साडूंचा पहिला नंबर आला असता. आणि चुकून दुसरा आला असता तर त्यांनी निकालच लागू दिला नसता. एकदा मोटारीच्या कंडक्टरनं त्यांना "ओ पावणे, मागं सरका" म्हटलं. साडू तिथंच खाली उतरले, ते पुन्हा कधी मोटारीत चढले नाहीत. देवगाव फाट्याला जायचं असलं तरी बैलगाडी जुंपायचे. वाटेत मोटार धुरळा उडवत पुढं गेली की तिच्याकडं बघून म्हणायचे, "जा, जा. हितं कुणाला घाई हाय?" गाव त्यांना अण्णा म्हणे. निजामाचं राज्य जाऊन चार-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मी पाथरीजवळच्या त्यांच्या गावात शाळामास्तर म्हणून गेलो. शेजारी थोरली बहीण मिळाली म्हणून बायको खूश होती, आणि शेजारी अण्णा मिळाले म्हणून मी धास्तावलो होतो.

अण्णांना एक सख्खा धाकटा भाऊ होता आणि हट्टात तो त्यांच्या तोडीस तोड. मी येण्याआधीच दोघांची वाटणी झाली होती. शेत वाटलं, बैल वाटले, अंगणात भिंत आली. उरली ती बंगई, म्हणजे ओसरीतला वडलांच्या वेळचा सागवानी झोपाळा. ती मला पाहिजे, न्हाई मलाच पाहिजे, अशी जुंपली की पंचांनी वैतागून फळी थोरल्याला दिली आणि कड्या धाकट्याला. आता नुसत्या फळीवर झुलता येत नाही आणि नुसत्या कड्यांवर बसता येत नाही. पण माघार घेतील ते अण्णा कसले! फळी भिंतीला टेकवून ठेवली, रोज सकाळी फडक्यानं पुसायचे. पलीकडं धाकटा कड्यांना तेल द्यायचा. दोघांच्या बायका त्याच भिंतीवरून कालवण-कोथिंबीर देत-घेत आणि नवऱ्यांच्या नावानं मनसोक्त बोटं मोडत. पण भावाभावांत वाटणीच्या दिवसापासून चकार शब्द नव्हता. बोलायचे ते फक्त नाटकात.

गावच्या जत्रेत दर वर्षी एक नाटक व्हायचं, आणि दर वर्षी तेच व्हायचं. एका घरातल्या दोन भावांचं भांडण, जावांची धुसफूस, तिसऱ्या अंकात मिलाप. थोरल्याचं काम अण्णांचं, धाकट्याचं काम त्यांच्या भावाचं, हे वाटणीच्या आधीपासून ठरलेलं. आणि वाटणी झाली म्हणून आपलं काम सोडायला दोघांतला एकही तयार नव्हता. मी मास्तर, तेव्हा विंगेत पुस्तक धरून उभं राहणं माझ्या गळ्यात पडलं. अहो, काय सांगू तुम्हाला! दोन अंक पुस्तकाबरहुकूम जायचे. तिसऱ्यात हे दोघं समोरासमोर आले की पुस्तक माझ्या हातात आणि नाटक भलत्याच वाटेला. "धाकल्या, या घराचा उंबरा तू ओलांडलास!" एवढं नाटकातलं झालं की अण्णा पुढं विचारायचे, "अन् बांधावरची बाभळ कुणाला इचारून तोडलीस?" "वाळली व्हती म्हून तोडली! तुझी गाय माझ्या जवारीत कशी काय येती?" मी विंगेतून घसा फोडतोय, "अहो, 'दादा, हात सोडू नकोस' म्हणा, हात!" ऐकतो कोण? गाव तर बाभळीसाठीच जमलेलं असायचं. एके वर्षी मात्र अण्णांनी एकदम आवाज खाली आणून विचारलं, "पोरीला कुठं पाह्यलंस म्हनं?" "जिंतूरला." "मानसं कशी हायत?" "बरी हायत." "मग हो म्हन." त्यानंतर पुस्तकात होती म्हणून दोघांनी मिठी मारली, पडदा पडला, आणि तोंडाचा रंगही न पुसता दोघं दोन बोळांनी घरी गेले. वर्षाकाठी भावाशी बोलायला अण्णांना एवढी एकच जागा उरली आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आणि नेमका त्याच नाटकाचा सिनेमा निघाला! तंबूतली टुरिंग टॉकीज पाथरीला तो घेऊन आली, आणि गावातली तरणी पोरं म्हणाली, "औंदा नाटक कशाला? सिनेमात बाईचं काम खरी बाई करती. आपल्यात मिशा उतरवलेला कोतवाल!" जत्रेच्या पंचांनीही माना डोलावल्या. अण्णांना जेवण जाईना. "नाटक होनारच! इज्जतीचा सवाल हाय," म्हणत ते दारोदार फिरले. धाकट्याच्या दारावरून मात्र तसेच पुढं गेले, कारण तिथं विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. कुणी दाद दिली नाही. शेवटी मला म्हणाले, "चला मास्तर. माझं काम कोन करायलाय, बघू तर खरं." आणि गाडी जुंपली.

तंबूत धाकटा आधीच येऊन पलीकडच्या कडेला बसला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनीही माना फिरवल्या. अण्णांचं समाधान कुठलं व्हायला! "ह्याला थोरला म्हनायचं? मानेत ताठाच न्हाई," असं त्यांचं चाललं होतं. होता होता तो प्रसंग आला. पडद्यावर दोन भाऊ समोरासमोर उभे राहिले, आणि थोरल्यानं खिडकीकडं तोंड करून चक्क गाणं सुरू केलं. "आरं, भाऊ समोर हाय अन् गायलास काय? बोल की!" अण्णा ओरडले. तेवढ्यात रीळ संपलं. एकच मशीन, त्यामुळं रीळ बदलेपर्यंत दिवे लागायचे. दिवे लागले तसे अण्णा उठले, शेला सावरला आणि थेट पडद्यासमोर जाऊन उभे राहिले.

"धाकल्या! या घराचा उंबरा तू ओलांडलास!"

पलीकडं धाकटा बसूनच होता. कुणीतरी हसलं. माझा तर जीव टांगणीला लागला. भर पाथरीत माणसाची शोभा होणार! मग धाकटा उठला. माणसांच्या पायांतून वाट काढत पुढं आला. सवयीनं मी पुटपुटलोसुद्धा, "'दादा, हात सोडू नकोस...'"

त्यानं ते घेतलं नाही. म्हणाला, "दादा, कड्यांना नुस्तं तेलच लावत बसू व्हय? फळी देतोस का न्हाई?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना प्रॉम्प्टर हवा होता, आणि माझ्याकडं द्यायला काही नव्हतं.

"देत न्हाई," अण्णा म्हणाले. पुन्हा शेला सावरला. "तूच कड्या घिऊन ये."

दिवे गेले, चित्र दोघांच्या अंगावर सुरू झालं, मागून "बसा, बसा" असा गिल्ला झाला. दोघं होते तिथंच खाली बसले, मांडीला मांडी लावून. पुढचा सिनेमा मला नीट दिसला नाही. डोळे पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या ओसरीत बंगई लागली. "कड्या त्यानं आनल्या, म्हंजी माघार त्यानं घेतली," असं अण्णा मरेस्तोवर सांगत. नाटक पुढं झालं नाही ते नाहीच, आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं. संध्याकाळी दोघं बंगईच्या दोन टोकांना बसून बाभळीवरून भांडत.

धाकटा आधी गेला. महिन्याभरानं मी भेटायला गेलो, तर अण्णा एकटेच बंगईवर, अगदी आपल्या टोकाला. बंगई त्या बाजूला कललेली.

"अण्णा," मी म्हटलं, "मधे सरका थोडं. पडाल."

"मधी कसा सरकू, मास्तर?" ते म्हणाले. "अर्धी त्याची हाय."