आधी औषध, मग प्रश्न

मी एकदा एका रुग्णाला औषध म्हणून नुसते पाणी टोचले होते. ही गोष्ट जवळजवळ वीस वर्षे मी कुणालाही सांगितली नाही. पत्नीला नाही, सहकाऱ्यांना नाही, आणि जिला ते टोचले तिला तर नाहीच. काही आठवड्यांपूर्वी एका दुपारी तिच्या आईचा फोन आला. "डाक्टर, आमची सुगंधा गेली..." एवढे बोलून त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "पन शेवटी कुनी बाकड्यावर बसवली न्हाय हो तिला. दवाखान्यात पोचल्या पोचल्या औषध दिलं." दुःखाची बातमी देतानाही त्या मला एक विजय कळवत होत्या, हे माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. तो विजय सर्वस्वी सुगंधाचा होता. त्यात माझा वाटा काय होता, हे लिहिणे मला भाग आहे.

सुगंधा वाघमारे ही खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूच्या डोंगरातील एका कातकरी वाडीत राहत असे. ती अंगणवाडीत मदतनीस होती. तिला जन्मापासून सिकलसेल. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि कुणी आतून हाडे पिळावीत तसे दुखू लागते. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही, ना सूज, ना जखम. दुखणे उठले की ती फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायची आणि रिक्षा करून आमच्या छोट्या धर्मादाय रुग्णालयात यायची. तिथला अपघात विभाग माझ्याकडे होता. ती यायची आणि चक्क हसून बोलायची, हेच मला खटकत असे. शिवाय वेदनाशामकाचे नाव घेऊन मागायची. "ट्रमाडॉलच द्या, बाकीच्यानं माझं भागत न्हाय." नाव घेऊन इंजेक्शन मागणारा रुग्ण नशेला लागलेला असतो, हे आम्हाला कोणत्याही वर्गात शिकवले नव्हते, ते आम्ही एकमेकांकडून शिकलो होतो.

एका महिन्यात ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा मी सिरिंजमध्ये डिस्टिल्ड वॉटर भरले आणि तिच्या दंडात टोचले. पाव तासाने विचारले, "कसं वाटतंय?" ती म्हणाली, "बरं वाटतंय, डाक्टर. जाते मी." आईच्या खांद्यावर हात टाकून ती निघून गेली. केसपेपरवर मी औषधाचे नाव लिहिले. मला वाटले, मी तिची लबाडी पकडली. त्या खात्रीवर पुढची कित्येक वर्षे मी तिला बाकड्यावर ताटकळत ठेवले, आणि त्याला शिस्त हे नाव दिले.

मग एका सकाळी ती स्वतः ठणठणीत असताना आली. बरोबर चुलत बहीण यमुना होती, तोच आजार, तीच कळ. मी नेहमीप्रमाणे त्यांना नंबर येईपर्यंत बसायला सांगितले. थोड्या वेळाने सुगंधा माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"डाक्टर, कामात हाव काय?"

"दिसत नाही का?"

"दिसतंय ना. जरा हितं येऊन बसा, यमुनेच्या बाजूला. तपासू नका, बोलू नका. नुसतं बसा."

रांगेतली माणसे हसली. पायात माशाचा काटा मोडलेली एक म्हातारी कोळीण म्हणाली, "बस रे बाबा, बाकडं न्हाय मोडत." मी रागातच जाऊन बसलो. यमुना डोळे मिटून होती, तोंडातून आवाज नाही. कधीतरी तिच्या मुठीत माझी बाही आली. ती कुणाची आहे हे तिला ठाऊकही नसावे. कळ आली की मूठ आवळे, ओसरली की सैल होई... शर्टाच्या त्या ओढीतून, इतक्या वर्षांत प्रथमच, मला ते दुखणे कळले. "ही ओरडत का नाही?" मी विचारले.

"ओरडून बघितलंय आमी," सुगंधा म्हणाली. "ओरडलं की म्हनता नाटक करते. हसलं की म्हनता दुखत न्हाय. आता तुमीच सांगा, कोनतं तोंड घेऊन येऊ?"

यमुनेला मी त्याच बाकड्यावर इंजेक्शन दिले. त्यानंतर जे घडले ते सुगंधाने घडवले. सिकलसेलचे निदान लिहिलेले कार्ड दाखवताच रुग्णाला आत घ्यायचे, अर्ध्या तासाच्या आत वेदनाशामक द्यायचे, पुन्हा पुन्हा विचारून मात्रा ठरवायची, ही पद्धत विश्वस्तांच्या गळी तिने उतरवली. मॉर्फिनच्या परवान्याची कागदपत्रे अडली, तेव्हा ती चिकाटीने दर आठवड्याला फेरी पकडून येत राहिली. "आधी औषध, मग प्रश्न" हे तिचेच शब्द आमच्या भिंतीवर रंगवले गेले. दुखणे अंगावर काढणारी वाड्यांवरची माणसे वेळेवर येऊ लागली, आणि चालत घरी जाऊ लागली. आसपासच्या दवाखान्यांनीही ती पद्धत उचलली. संस्थेने सत्कार केला तो मात्र माझा. शाल खांद्यावर पडली तेव्हा पहिल्या रांगेत सुगंधा मनापासून टाळ्या वाजवत होती. मला भाषण पुरे करता आले नाही. लोकांना वाटले, डॉक्टर विनयशील आहेत.

नव्या परिचारिका रुजू झाल्या की त्यांच्यासमोर बोलायला आम्ही तिला बोलवत असू. गेल्या वर्षी ती शेवटची आली. मी मागच्या खुर्चीत होतो. बोलता बोलता तिने सहज सांगितले, "येका डाक्टरानं मला येकदा पानी टोचलं होतं. औषध शिरलं की जीभ सुकते, डोकं जड होतं. मला काय त्याची वळख न्हाय? पन मी म्हनलं, बरं वाटतंय."

"मग खोटं का बोललात?" एका मुलीने विचारले.

"खरं बोलून पानीच मिळालं ना, बाय. आई रडत होती. म्हनलं, घरी जाऊन दुखू दे. तीन दिस दुखलं."

"कोण होते ते डॉक्टर?"

"नावाचं काय लोनचं घालायचंय? आता औषध मिळतंय ना."

तिने माझ्याकडे चुकूनही पाहिले नाही. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि टाळ्या वाजवतानाही माहीत होते... मी उभा राहिलो. मी तिला आजवर एकेरीतच हाक मारत आलो होतो.

"तो डॉक्टर मी होतो," मी सर्वांसमोर म्हणालो. "सुगंधाताई, तुम्ही दुखतंय म्हणालात त्यावर मी कधी विश्वास ठेवला नाही, आणि बरं वाटतंय म्हणालात त्यावर लगेच ठेवला. माझं चुकलं. मला क्षमा करा."