समुद्रतळाचा चिखल

नोकरीतली बरीच प्रकरणं आता धूसर झाली आहेत; हे एक मात्र लख्ख आठवतं.

अकोला-अमरावती महामार्गावरच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. मे महिन्यातल्या एका रविवारी, ऐन दुपारी, एक शास्त्रज्ञ बाई ट्रकचालकाला घेऊन आल्या. संशोधन जहाजानं खोल समुद्रातून काढलेले नमुने बंदरावर उतरवून त्या प्रयोगशाळेत नेत होत्या. ढाब्यावर जेवण होईस्तोवर एक पांढरी पेटी चोरीला गेली होती.

"आत काय होतं?"

"समुद्रतळाचा चिखल. बर्फ संध्याकाळपर्यंत टिकेल. नंतर नमुने गेले."

गुन्हा नोंदवला आणि गावातल्या बर्फ कारखान्यात निरोप दिला, कुणी नेहमीपेक्षा वेगळं गिऱ्हाईक बर्फ न्यायला आलं तर कळवा. तासाभरात फोन आला. "साहेब, आशाताई बर्फ घेऊन गेल्या. लसीसाठी म्हने. आज ऐतवारी कुठची लस?"

गावातली ही आशाताई घरोघर फिरून आरोग्याचं काम करायची. नवरा मालवाहू ऑटो चालवायचा. शास्त्रज्ञ बाईंना, पंचांना आणि शिपायाला घेऊन त्यांच्या घरी गेलो. तो अंगणातच होता. "दुपारी ढाब्यावर होतास का?" एवढंच मी विचारलं.

"होतो, पन पेटीले मी हातही नाही लावला!"

पेटीचं नाव मी काढलंच नव्हतं. खोटं बोलणारा विचारलं त्याहून जास्त सांगतो. तरी तो बधेना. शेवटी दारातून बायको म्हणाली, "कावून खोटं बोलून राह्यले? न्हाणीत हाये पेटी."

ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पेटी ताज्या बर्फानं भरलेली होती.

"यायनं झिंगे-मासळी समजून आनली. म्या पाह्यलं त चिठ्ठ्या लावलेल्या नळ्या. तपासणीचं काही असन वाटलं. गरम झालं त खराब होते, एवढं मले मालूम हाये."

"मग ठाण्यात का नाही आलात?"

"नवरा हाये ना, साहेब."

शास्त्रज्ञ बाईंनी तापमान पाहिलं. नमुने शाबूत होते. मग त्यांनी आशाताईला एक पारदर्शक नळी दाखवली. आत करडे, तपकिरी थर होते. "हा बोटभर थर साचायला हजारो वर्षं लागली. तेव्हा पाऊस कसा पडायचा, ते यातून कळतं."

"तवा आपलं गाव होतं?"

"कुठलंच गाव नव्हतं."

तिनं नळीवर अलगद तळवा ठेवला. पंचनामा लिहिता लिहिता माझं पेन थांबलं. ज्याला आपण चिखल म्हणतो, त्यापुढे आपलं सगळं आयुष्य केवढंसं!

रविवार असल्यानं न्यायाधीशांच्या घरी जाऊन आदेश घेतला आणि पेटी त्याच दिवशी शास्त्रज्ञ बाईंच्या ताब्यात दिली. नवऱ्यावर खटला चालला. आशाताईचा जबाब मी स्वतः लिहिला. सही करताना तिनं पूर्ण नाव लिहिलं.

खरं माणसाकडून काढून घ्यावं लागतं, असं मी तोवर समजत होतो. त्या दिवशी मी पोचण्याआधीच एका बाईनं ते बर्फात सांभाळून ठेवलं होतं.